‘काढणे’ आणि ‘धुणे’ : घरी धुतलेल्या रंगीत पारदर्शिकेचा इतिहास

१

मराठी भाषेत छायाचित्र प्रथम ‘काढले’ जाते व नंतर ‘धुतले’ जाते. ही दोन क्रियापदे नित्याच्या बोलण्यात शेजारी शेजारी वावरतात. परंतु इतिहासलेखनात त्यांचा मान सारखा राहिलेला नाही. छायाचित्र कोणी काढले याची नोंद होते. ते कोणी धुतले, कोठे धुतले आणि कोणत्या परिस्थितीत धुतले याची विचारपूस सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या क्रियापदाचा मागोवा घेण्याचे योजिले असून, त्यासाठी रंगीत पारदर्शिका, म्हणजे बोलण्यातील ‘स्लाइड’, हा विषय निवडला आहे.

या निवडीस एक कारण आहे. साध्या छायाचित्रणात फितीवर ऋणचित्र, म्हणजे निगेटिव्ह, तयार होते व त्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती छापता येतात. छापताना एखादी प्रत बिघडली तर दुसरी काढता येते. पारदर्शिकेचे तसे नाही. कॅमेऱ्यात जी फीत प्रकाशाला सामोरी गेली तीच फीत धुण्याच्या क्रियेतून उलटून धनचित्र बनते व तीच पडद्यावर दाखविली जाते. मूळ आणि प्रत हा भेद येथे उरत नाही. म्हणून धुणाऱ्याचा हात चुकला तर काढणाऱ्याचे सर्व कौशल्य व्यर्थ जाते. ज्या कलाप्रकारात धुणे इतके निर्णायक आहे, त्यात धुणारा अनामिक का राहावा, हा प्रश्न विचारार्ह आहे.

विवेचनात अखेरीस मोर्शी हे गाव दृष्टीसमोर ठेवले आहे. अमरावतीच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांच्या मुलखात वसलेल्या या तालुक्याच्या गावी उन्हाळा कडक असतो आणि महानगरातील प्रयोगशाळा दूर असतात. रासायनिक क्रियांची प्रमाणे युरोप-अमेरिकेच्या हवामानात ठरली. ती अशा गावी कितपत लागू पडतात, हे पाहिल्यावाचून घरी धुण्याचा इतिहास पुरा होत नाही.

२

महाराष्ट्रात रंगीत पारदर्शिका घरी तयार करण्याची परंपरा रसायनाच्या फितीपेक्षा जुनी आहे. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास काचेवर रंगविलेली चित्रे प्रकाशयंत्राच्या साहाय्याने पडद्यावर दाखविण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांच्या पुत्रांनी हे प्रयोग चालविले. या खेळास त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले. शंबर हा मायावी असुर म्हणून प्रसिद्ध आहे आणि अमरकोशात ‘शाम्बरी’ हा शब्द ‘माया’ या शब्दाचा पर्याय म्हणून दिला आहे. ‘खरोलिका’ हा शब्द येथे कंदील या अर्थी योजिला आहे. ‘मॅजिक लँटर्न’ या इंग्रजी नावातील दोन्ही पदांना संस्कृत कोशातून प्रतिशब्द शोधून काढण्याची ही दृष्टी भाषाभ्यासकास कुतूहलाची वाटेल.

इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या पारदर्शिकांतील रंग हाताने भरलेला होता. रामायण-महाभारतातील प्रसंग असोत वा सर्कशीतील कसरती असोत, काच, कुंचला, रंग आणि दिवा ही सर्व साधने घरच्या हाताखालची होती. चित्र काढणारा व ते सिद्ध करणारा यांच्यात अंतर पडण्याचा प्रसंगच तेथे नव्हता. ‘धुणे’ हे क्रियापद या अवस्थेत अस्तित्वात येत नाही. ते येते प्रकाशाने उमटणाऱ्या, परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रतिमेबरोबर.

३

अशी अदृश्य प्रतिमा दृश्य करण्याचे काम प्रथम परक्या हाती होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, उर्फ सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे कुस्तीचा एक सामना चित्रपटाच्या फितीवर टिपला. स्वतः छायाचित्रकार असूनही ती फीत धुण्यासाठी त्यांना लंडनला पाठवावी लागली. म्हणजे चलच्चित्र काढण्याची क्रिया मुंबईत व धुण्याची क्रिया लंडनमध्ये, अशी आपल्या चित्रपटाच्या आरंभीच विभागणी झाली होती. समुद्रापार गेलेली फीत परत येईपर्यंत आपण काय टिपले आहे हे टिपणाऱ्यासही ठाऊक नसे.

ही विभागणी मोडली ती दादरच्या एका घरात. धुंडिराज गोविंद फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात झाले होते. छायाचित्रण, ठसे तयार करणे व रंगीत छपाई या तिन्ही कलांत त्यांनी हात घातला होता आणि रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले होते. १९१२ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याबरोबरच कोऱ्या फितीला छिद्रे पाडण्याचे व धुण्या-छापण्याचे साहित्य मिळविण्याची व्यवस्था केली, ही बाब सूचक आहे. केवळ कॅमेरा आणून भागणार नाही, धुण्याची क्रियाही घरात आणली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

या घरातील धुण्याच्या कामाचा फार मोठा भार सरस्वतीबाई फाळके यांनी उचलला. त्या काळी कोरी फीत कडेच्या छिद्रांशिवाय येत असे. अंधारात बसून ती यंत्राखाली सरकवायची व छिद्रे पाडायची, हे काम त्या करीत. रसायनांचे मिश्रण करणे व फीत धुणे याही क्रिया त्यांनी आत्मसात केल्या होत्या. दिवसा चित्रीकरणातील मंडळींचा स्वयंपाक व रात्री त्याच घरात फितीचे काम, असा त्यांचा क्रम असे. अशा रीतीने सिद्ध झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, रात्र निवडण्यामागे केवळ अंधाराची गरज नसावी. फितीवरील जिलेटिनचा थर उष्ण द्रावणात फुगतो, मऊ पडतो व प्रसंगी सुटून येतो. म्हणून उष्ण प्रदेशातील छायाचित्रकार थंड वेळ गाठीत, बर्फ वापरीत, थर घट्ट करण्यासाठी तुरटीचा उपयोग करीत. रात्रीचे काम या हवामानाला धरून होते. दुसरी गोष्ट अशी की, ‘राजा हरिश्चंद्र’ कोणी काढला याचे उत्तर शाळकरी मुलालाही देता येते. तो कोणी धुतला या प्रश्नाचे उत्तर मात्र दीर्घ काळ कुटुंबीयांच्या आठवणींतच राहिले. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाने ते सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचविले. चित्र काढणे ही कला व धुणे हे घरकाम, अशी अव्यक्त प्रतवारी या विस्मरणामागे असावी असे वाटते.

४

कृष्णधवल फीत घरात आली, तरी रंगाची वाट निराळी होती. प्रकाशानेच रंग उमटविणारी पहिली व्यापारी काच फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ‘ऑटोक्रोम’ या नावाने विक्रीस आणली. बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर पसरावयाचे व त्यावर प्रकाशसंवेदी थर द्यावयाचा, अशी तिची रचना होती. धुताना प्रथम ऋणचित्र, मग त्यातील चांदीचे विरंजन, मग पुन्हा विकासन, अशा उलटापालटीने तीच काच धनचित्र बनत असे. ही क्रिया सामान्य छायाचित्रकार आपल्या अंधाऱ्या खोलीत करू शकत असे. फ्रान्समधील धनिक आल्बेर कान यांच्या जगाच्या चित्रसंग्रहासाठी स्तेफान पासे हे १९१३-१४ मध्ये अशाच काचा घेऊन भारतात आले होते. फाळके यांचा कृष्णधवल हरिश्चंद्र पडद्यावर आला त्याच सुमारास या देशाची रंगीत पारदर्शिका परदेशी प्रवाशाच्या पेटीत तयार होत होती.

पुढे १९३५ मध्ये ‘कोडाक्रोम’ आली. लिओपोल्ड मॅन्स व लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतज्ञांनी ती शोधून काढली, हे तिचे वैशिष्ट्य. एका फितीवर तीन संवेदी थर बसविले होते. परंतु रंगद्रव्ये घडविणारे घटक फितीत न ठेवता धुण्याच्या द्रावणांत ठेवले होते. त्यामुळे प्रत्येक थर वेगळ्या रंगाच्या प्रकाशात पुन्हा उजळून वेगळ्या द्रावणात विकसित करावा लागे. हे काम मोठ्या यंत्रशाळेवाचून होणे अशक्य होते. अमेरिकेत तर फितीच्या किमतीतच धुण्याची किंमत धरलेली असे. १९५४ मध्ये तेथील मक्तेदारीविरोधी कारवाईनंतर ही पद्धत बंद करावी लागली. चित्र तुम्ही काढा, धुण्याचे आम्ही पाहतो, असा हा व्यवहार होता. आणि त्यात काढणाऱ्याला धुण्याचे ज्ञान असण्याची गरजच उरली नाही.

मराठी चित्रपटसृष्टीलाही हाच अनुभव आला. प्रभात कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. त्यासाठी व्ही. शांताराम यांना जर्मनीस जावे लागले व रंगीत प्रती तेथे तयार कराव्या लागल्या. त्यातील रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. सावेदादांच्या फितीनंतर ३४ वर्षांनी मराठी माणसाची फीत पुन्हा समुद्रापार धुण्यास गेली. कृष्णधवलात जे स्वातंत्र्य दादरच्या घराने मिळविले होते, ते रंगाच्या बाबतीत नव्याने मिळवावयाचे होते.

५

ते मिळण्याचा मार्ग १९३६ च्या ‘आग्फाकलर’ फितीने दाखविला. रंग घडविणारे घटक तीत प्रत्येक थरातच बांधून टाकले होते. त्यामुळे एकाच रंगविकासकात तिन्ही रंग एकदम उमटू लागले. याच तत्त्वावर, तपशिलात फरक करून, १९४६ मध्ये आलेली ‘एक्टाक्रोम’ ही छायाचित्रकाराने स्वतः धुवावी या हेतूने बाजारात आली. तिच्या धुण्याच्या पद्धतींना ‘ई-१’, ‘ई-२’ अशी क्रमाने नावे पडत गेली. आज प्रचलित असलेली ‘ई-६’ पद्धत १९७६ मध्ये आली.

या क्रमात एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली दिसते. कृष्णधवल फितीचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. आरंभीच्या एक्टाक्रोम पद्धतींचे सुमारे २४ अंश. १९६६ च्या ‘ई-४’ चे सुमारे २९ अंश, आणि ‘ई-६’ चे ३८ अंश. काम लवकर उरकावे हा कारखानदारांचा हेतू होता व थर अधिक घट्ट करण्याचे तंत्र साधल्याने ते शक्य झाले. परंतु परिणाम असा झाला की, पॅरिस वा रॉचेस्टर येथील खोलीच्या थंडाव्यावर आधारलेली ही क्रिया पायरीपायरीने वऱ्हाडच्या हवामानाकडे सरकत आली. मे महिन्यात मोर्शीस २० अंशांचे द्रावण ठेवावयाचे तर बर्फाची लादी हवी. ३८ अंशांचे ठेवावयाचे तर ऊन पुष्कळ आहे, माठातील पाणी मिसळून ते आवरावे मात्र लागते. हिवाळ्यात बंबातील पाणी घमेल्यात घेऊन त्यात द्रावणांच्या बाटल्या उभ्या केल्या की काम भागते. ज्या उन्हाने पूर्वी फितीचा थर सुटत असे, तेच ऊन आता धुणाऱ्याच्या बाजूचे झाले आहे.

क्रिया थोडक्यात अशी आहे. पूर्ण अंधारात, किंवा हात घालण्याच्या काळ्या पिशवीत, फीत चक्रीवर गुंडाळून बंद टाकीत ठेवतात. त्यानंतरचे काम उजेडात करता येते. प्रथम विकासक सुमारे ६ मिनिटे. यात ज्या ठिकाणी प्रकाश पडला तेथे चांदीचे काळे ऋणचित्र उमटते. मग उलटविणारे द्रावण. जुन्या पद्धतींत याऐवजी फीत बाहेर काढून प्रखर दिव्यासमोर धरावी लागे. मग रंगविकासक, यात उरलेले अप्रकाशित क्षार चांदीत रूपांतरित होतात व त्याबरोबर पिवळा, किरमिजी व हिरवट निळा हे तीन रंग थरांत तयार होतात. शेवटी विरंजन व स्थिरीकरण. यांत दोन्ही वेळची सर्व चांदी निघून जाते. जे चित्र उरते त्यात चांदीचा अंश नसतो. चांदीने जेथे जेथे काम केले तेथे तेथे उरलेला रंग म्हणजेच पारदर्शिका होय. घरगुती संचांत विरंजन व स्थिरीकरण एकत्र करून ही क्रिया तीन द्रावणांत बसविलेली असते.

यात सर्वांत नाजूक भाग पहिल्या विकासकाचा. त्याचे तापमान ठरलेल्या अंकापासून अर्ध्या अंशानेही ढळू न देणे इष्ट असते. द्रावण अधिक उष्ण झाले वा वेळ लांबला, तर ऋणचित्र गडद होते व पर्यायाने अंतिम पारदर्शिका फिकी पडते; उलट झाले तर ती काळवंडते. पाण्याचाही विचार करावा लागतो. वऱ्हाडात, विशेषतः पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीच्या पाण्यात क्षार फार. अशा पाण्याने शेवटचे धुणे केल्यास वाळल्यावर फितीवर पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटची बुडी ऊर्ध्वपातित पाण्याची द्यावी लागते. मापे व भांडी स्वयंपाकघरातील भांड्यांपासून कायमची वेगळी ठेवावी लागतात आणि वापरलेली द्रावणे विहिरीच्या वा बागेच्या आसपास टाकता येत नाहीत. दादरच्या घरात स्वयंपाक व धुणे एका छताखाली नांदले; आजच्या घरी धुणाऱ्याने तितकी जवळीक ठेवू नये.

६

आता पुन्हा शब्दांकडे वळू. इंग्रजीत या क्रियेस जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ गुंडाळलेले उलगडणे असा आहे. जर्मन शब्दाचाही तोच. मराठी परिभाषेत ‘विकासन’ व ‘विकासक’ हे शब्द रूढ झाले. संस्कृतात ‘विकस्’ म्हणजे फुलणे, उमलणे. उलगडणे असो वा उमलणे असो, या सर्व शब्दांत चित्र आतून आपोआप बाहेर येते; त्यात करणाऱ्याचा हात दिसत नाही.

लोकभाषेने मात्र ‘धुणे’ हा शब्द निवडला. वऱ्हाडीत ‘रोल धुवाले टाकला’ असे म्हणतात, आणि त्यातील ‘टाकला’ हे क्रियापद कपडे धुवायला टाकण्याच्या प्रयोगावरून आले आहे हे उघड आहे. या शब्दात हात आहे, पाणी आहे, श्रम आहे. आणि धुऊन देणारी दुसरी व्यक्तीही आहे. पारिभाषिक शब्द चित्राच्या बाजूने बोलतो, लोकशब्द कामाच्या बाजूने. पारदर्शिकेच्या बाबतीत तर लोकशब्द वस्तुस्थितीलाही अधिक धरून आहे. कारण पहिल्या अर्ध्या क्रियेत काही उमलत असले, तरी उरलेल्या अर्ध्या क्रियेत चांदी अक्षरशः धुऊन काढलेली असते.

परंतु याच शब्दाने या कामाची प्रतिष्ठाही कमी केली असावी. आपल्या समाजात धुणे हे घरातील बायकांचे अथवा वरठ्याचे काम मानले गेले व त्याची गणना कौशल्यात झाली नाही. ‘काढणे’ हे क्रियापद चित्र, काव्य, ग्रंथ, वृत्तपत्र या सर्वांबरोबर येते व कर्त्याला श्रेय देते. ‘धुणे’ श्रेय देत नाही. सरस्वतीबाईंचे काम दीर्घ काळ उपेक्षित राहिले, त्यास व्यक्तींची अनास्था जितकी कारण झाली तितकीच शब्दांची ही प्रतवारीही कारण झाली असे म्हणावयास हरकत नाही.

७

या विवेचनास एक व्यावहारिक बाजू आहे व ती तातडीची आहे. कोडाक्रोम धुणारी अखेरची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी होती. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर नवी फीत स्वीकारणे बंद केले. एक्टाक्रोमचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले व २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे कारखान्यावर अवलंबून असलेली पद्धत कारखान्याबरोबर संपली, आणि घरी धुता येणारी पद्धत आजही जिवंत आहे.

जुन्या पारदर्शिकांची स्थिती मात्र याच्या उलट आहे. कोडाक्रोमचे रंग अंधारात ठेवल्यास दीर्घ काळ टिकतात. आरंभीच्या एक्टाक्रोमचे, म्हणजे नेमक्या घरी धुता येणाऱ्या पारदर्शिकांचे, रंग पेटीत ठेवूनही उडत जातात. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा व पावसाळ्यातील बुरशी यांची भर पडते. ज्या पारदर्शिकांवर घरच्या हातांची मोहोर आहे त्याच प्रथम नाहीशा होणार आहेत. आणि त्यांचे ऋणचित्र कोठेही नसल्याने त्या गेल्यावर पुन्हा निर्माण करता येणार नाहीत.

संशोधकास येथे एक साधन उपलब्ध आहे. कंपनीने धुतलेल्या पारदर्शिकेच्या चौकटीवर कंपनीचे नाव व पुष्कळदा धुण्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते. घरी धुतलेल्या पारदर्शिकेची चौकट कोरी किंवा हाताने कापलेल्या पुठ्ठ्याची असते. क्वचित तीवर शाईने दोन शब्द लिहिलेले आढळतात. यास्तव कौटुंबिक, शैक्षणिक वा कृषिविषयक पारदर्शिकांची सूची करणाऱ्यांनी चित्रावरील दृश्याबरोबर चौकटीचीही नोंद घ्यावी, आणि ‘छायाचित्रकार’ या रकान्याच्या शेजारी ‘धुणारी व्यक्ती’ असा दुसरा रकाना ठेवावा. घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर हा रकाना भरता येईल. त्यात ज्यांची नावे येतील, त्यांत अनेक नावे अशी असतील की जी आजवर दुसऱ्या कोणत्याही सूचीत आलेली नाहीत.